नडगीवरचा पिवळट चट्टा



काही महिन्यांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचे पत्र आले. तिची मुलगी २३ वर्षांची. चौदाव्या वर्षी तिला मधुमेह झाल्याचे कळले, तेव्हापासून ती इन्सुलिन घेते. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या नडगीवर मसुरीच्या डाळीएवढा लालसर उंचवटा आला. खाज नाही, दुखणे नाही, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. हळूहळू तो पसरला. आता अर्ध्या तळहाताएवढा चट्टा झाला आहे. मध्ये पिवळट आणि चकचकीत, कडेला तांबूस-जांभळा. डाव्या पायावरही तसाच एक लहान चट्टा दिसू लागला आहे.

पुढे आईने लिहिले होते, "नायटा समजून मेडिकलमधून मलम आणले, तीन ट्यूब संपल्या. शेजारच्या चाचींनी टाचणी टोचून पाहिली, मुलीला नीट कळले नाही. तेव्हापासून त्या म्हणतात, हा महारोग आहे. चिपळूणचे एक स्थळ आले आहे. साखरेचे आम्ही त्यांना सांगितले आहे, पायाचे सांगितलेले नाही. मुलगी आता कोणासमोर सलवार घोट्याच्या वर जाऊ देत नाही. डॉक्टरसाहेब, हा महारोग आहे का? कॅन्सर होईल का? आणि हे त्यांना सांगायचे का?"

पत्रावरून रोगाचे नाव सांगता येत नाही, सांगूही नये. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास लिहिले. गेल्या महिन्यात त्यांचे दुसरे पत्र आले, सोबत तपासणीचा अहवाल होता. त्यावर नाव होते, नेक्रोबायोसिस लिपॉइडिका. नाव वाचून घर आणखी घाबरले. म्हणून या वेळचे सदर या आजारावर. मुलीचे नाव-गाव अर्थातच देत नाही. आईच्या संमतीने एवढेच लिहीत आहे.

नाव मोठे, अर्थ साधा

आपल्या कातडीला घट्टपणा आणि ताण देणारे बारीक धागे आतल्या थरात असतात. त्यांना कोलॅजन म्हणतात. या आजारात ते धागे जागोजागी झिजतात, विरतात. नावातल्या 'नेक्रोबायोसिस'चा अर्थ हाच. झिजलेल्या जागी स्निग्ध द्रव्य साठते, ते 'लिपॉइडिका'. चट्ट्याला पिवळट झाक येते ती यामुळे आणि वरची कातडी पातळ झाल्यामुळे. त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही जाड झालेल्या असतात.

झिजलेल्या भागाभोवती शरीराच्या संरक्षक पेशी गोळा होतात आणि ठाण मांडून बसतात. पेशींच्या अशा घोळक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर झीज आणि पेशी यांचे थर एकावर एक दिसतात, पराठ्याचे पदर असावेत तसे. क्षयरोगात आणि कुष्ठरोगातही ग्रॅन्युलोमा होतात. त्यामुळे अहवालात हा शब्द दिसला की लोक घाबरतात. पण त्या दोन रोगांत आत जंतू असतात. या आजारात जंतू नसतो. म्हणून हा आजार स्पर्शाने, कपड्यांनी, एका ताटात जेवल्याने किंवा एका जानमाजवर नमाज पढल्याने कोणालाही लागत नाही.

१९२९ साली व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मॉरिट्झ ओपेनहाइम यांनी या चट्ट्यांचे पहिल्यांदा वर्णन केले. १९३२ साली एरिक उर्बाख यांनी त्याला आजचे नाव दिले. त्या वेळी नावाच्या शेवटी 'मधुमेहींचा' या अर्थाचा एक शब्दही होता. पुढे मधुमेह नसलेल्या माणसांतही हा आजार सापडू लागला, तेव्हा तो शब्द गळला.

मधुमेहाशी नाते किती?

मधुमेह असलेल्या हजार माणसांत हा आजार तीन ते बारा जणांना होतो, असे पुस्तके सांगतात. म्हणजे तो दुर्मीळ आहे. पण उलट बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्यांना हे चट्टे येतात त्यांच्यापैकी पुष्कळांना मधुमेह असतो, किंवा पुढे होतो. काहींच्या बाबतीत चट्टा आधी दिसतो आणि साखर नंतर सापडते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार सुमारे तिप्पट आढळतो. लहान वयापासून इन्सुलिन घेणाऱ्यांत तो विशी-तिशीत दिसू शकतो, बाकीच्यांत थोडा उशिरा.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की, ज्याला साखरेचा त्रास माहीत नाही अशा माणसाला हा आजार निघाला तर साखर तपासलीच पाहिजे. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेह समजतात. त्रास काहीच नसेल तर डॉक्टर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. आज साखर ठीक निघाली तरी वर्षातून एकदा पुन्हा तपासावी.

दुसरी गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी आहे. या आईच्या पत्रात एक वाक्य होते, "तिचे अब्बा म्हणतात, चोरून गोड खातेस म्हणून पाय असा झाला." भगिनी, हे त्यांना जरूर वाचून दाखवा. साखर आटोक्यात ठेवली म्हणजे चट्टा जातो, असे दिसून आलेले नाही. साखर चांगली ठेवणाऱ्यांनाही हा आजार होतो. डोळे, किडनी, हृदय आणि जखमा भरून येणे यांसाठी साखर सांभाळायलाच हवी. पण हा चट्टा म्हणजे कोणत्या चुकीची शिक्षा नाही. इन्सुलिनच्या सुईमुळेही तो येत नाही. इन्सुलिन बंद करण्याचा विचार तर मनातही आणू नये. या मुलीसाठी इन्सुलिन म्हणजे जीव आहे.

महारोगाचा संशय का आला?

चाचींवर रागावू नका. त्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. या चट्ट्यावर स्पर्शाची जाणीव कमी होऊ शकते, केस गळतात, घामही कमी येतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यातही असेच होते. त्यामुळे केवळ टाचणीने निर्णय होत नाही. शिवाय टाचणी टोचून पाहणे या पायासाठी धोक्याचे आहे, त्याचे कारण पुढे येईल.

डॉक्टर चट्टा कुठे आहे, रंग कसा आहे, नसा जाड झाल्या आहेत का, हातापायांत दुसरीकडे बधिरता आहे का, हे पाहतात. शंका उरली तर चट्ट्याच्या कडेचा बारीक तुकडा काढून तपासतात. याला बायॉप्सी म्हणतात. या आजारात ती जखमही कधी कधी उशिरा भरते, म्हणून बायॉप्सी करायची की नाही हे तज्ज्ञांवर सोडावे. या मुलीची बायॉप्सी झाली आणि कुष्ठरोग नाही हे नक्की झाले.

इथे आणखी एक सांगायला हवे. अहवाल उलटा आला असता तरी आकाश कोसळले नसते. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात आणि ती सुरू झाल्यावर रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही. घात होतो तो लाजेपोटी उशीर केल्याने. कोणताही बधिर चट्टा असो, तो दाखवावा. लपवू नये.

नडगीवरचा प्रत्येक डाग हा आजार नसतो. मधुमेहींच्या नडगीवर छोटे, तपकिरी, किंचित खोलगट डाग पुष्कळदा दिसतात. ते निराळे, त्यांना उपचारही लागत नाहीत. नायटा खाजतो आणि त्याच्या कडेला खपल्या असतात. फुगलेल्या शिरांमुळे घोट्याजवळ कातडी काळपट होते, तेही वेगळे. ओळख पटवण्याचे काम डॉक्टरांचे. मेडिकलच्या काउंटरवर ते होत नाही. तिथे मिळणाऱ्या मिश्र मलमांत बहुधा जोरदार स्टेरॉइड असते. आधीच पातळ झालेल्या कातडीवर ते महिनोन् महिने चोळले तर ती आणखी पातळ होते.

खरा धोका जखमेचा

आईने विचारले होते, कॅन्सर होईल का? हा आजार कॅन्सर नाही. वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत फार क्वचित कॅन्सर झाल्याची नोंद आहे, पण ती भीती उशाशी घेऊन झोपण्याचे कारण नाही. काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टीची.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांत या चट्ट्यावर जखम होते. बहुतेक वेळा निमित्त किरकोळ असते. सायकलचे पॅडल लागते, लोखंडी खाटेची कड लागते, स्कूटरचा स्टँड लागतो, उंबरठ्याला ठेच लागते. नडगीवर मांस नसतेच, हाडावर थेट कातडी. तीही पातळ झालेली, रक्तपुरवठा कमी आणि वर मधुमेह. मग जखम दुखते, पाणी सुटते, जंतू शिरतात आणि ती भरायला महिने लागतात. एवढेच नाही, जिथे मार लागतो किंवा कातडी कापली जाते तिथे नवा चट्टा उठू शकतो. म्हणून टाचणी नको म्हटले.

याच कारणाने काही उपाय या चट्ट्यावर कधीही करू नयेत. आपल्या घरांत ते होतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

बिब्बा घालणे किंवा तापलेल्या सळईने डागणे. यामुळे भाजते आणि जखम पक्की होते.

हिजामा. चट्ट्यावर आणि त्याच्या आसपास हिजामासाठी चिरा देऊ नयेत. हिजामा करणाऱ्यांना हा आजार आधीच सांगावा.

जळवा लावणे, खपली खरवडणे, दगडाने किंवा वज्रीने घासणे.

नडगीवर वॅक्सिंग किंवा वस्तरा. चट्ट्याची जागा सोडून द्यावी.

कापून टाकण्याचा हट्ट. शस्त्रक्रियेने चट्टा काढला तरी तो त्याच जागी पुन्हा येऊ शकतो.

कलौंजीचे तेल किंवा खोबरेल कोरड्या, अखंड कातडीवर मऊपणासाठी लावले तर हरकत नाही. मात्र त्याने आजार जात नाही आणि उघड्या जखमेवर ते घालू नये.

उपचार काय?

प्रत्येकाला हमखास लागू पडेल असे औषध आज नाही. कोणी 'पंधरा दिवसांत गॅरंटी' म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवा. पण करण्यासारखे पुष्कळ आहे.

चट्टा नवा असेल, कड लाल आणि वाढती असेल, तर तज्ज्ञ तिथे स्टेरॉइडचे मलम किंवा बारीक इंजेक्शन देतात. ते कडेला, मधल्या पातळ भागाला नाही. म्हणून मलम कुठे, किती आणि किती दिवस लावायचे हे नीट विचारून घ्यावे. टॅक्रोलिमस नावाचे स्टेरॉइड नसलेले मलम काहींना उपयोगी पडते. काहींना प्रकाशकिरणांचा उपचार किंवा रक्त पातळ वाहावे म्हणून पेन्टॉक्सिफायलिनच्या गोळ्या देतात. फारच चिघळलेल्या रुग्णांसाठी याहून भारी औषधेही आहेत, पण ती मोठ्या रुग्णालयात, देखरेखीखाली. चट्टा वाढत नसेल आणि त्रास देत नसेल, तर नुसते जपणे आणि पाहत राहणे हाही योग्य उपचार आहे. काहींचे चट्टे बऱ्याच वर्षांनी आपोआप शांत होतात. डाग मात्र बहुधा राहतो.

पायाला सूज असेल तर डॉक्टर घट्ट मोजे सांगतात. पण पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते स्वतःच्या मनाने घालू नयेत. घरात विडी-सिगारेट असेल तर ती सोडावी. बायकांनी मिश्रीही सोडावी. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि या पायाला आधीच रक्त कमी मिळते.

हा चट्टा असलेल्या मधुमेहींनी वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी चुकवू नये. बारीक रक्तवाहिन्यांचा त्रास एकीकडे असला की दुसरीकडेही बघून घेणे शहाणपणाचे.

रोजच्या सवयीतच काळजी

पायाची निगा राखायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. दिवसातून पाच वेळा आपण वुजूला बसतो आणि घोट्यापर्यंत पाय धुतो. त्यातल्या एका वेळी, उजेड असताना, सलवार किंवा लेंगा गुडघ्यापर्यंत सरकवून दोन्ही नडग्या पाहाव्यात. चट्टा वाढला का, रंग बदलला का, कुठे ओल किंवा भेग आहे का? पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. हिवाळ्यात गरम पाणी घेताना आधी कोपराने किंवा दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावे. बधिर कातडीला चटका कळत नाही.

नमाजमध्ये बसताना नडगी जमिनीवर दाबली जाते. फरशीवर पातळ जानमाज असेल तर खाली जाड सतरंजी किंवा घडी घातलेली गोधडी घ्यावी. जखम असेल आणि बसताना दुखत असेल तर खुर्चीवर नमाज पढण्याबद्दल डॉक्टरांना आणि आपल्या इमामसाहेबांना विचारावे. गुस्लच्या वेळी जखमेवरची पट्टी भिजवू नये. चट्टा घोट्यापर्यंत उतरला असेल तर वुजूच्या वेळीही हे सांभाळावे. ओली पट्टी जखम चिघळवते. अशा वेळी पट्टीवरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची सवलत आहे. ती आपल्या मसलकात कशी घ्यायची ते आलिमांकडून समजून घ्यावे.

घरात वावरताना जाड, सैल सुती मोजे घालावेत, तेवढेच नडगीला अस्तर. खाटेच्या आणि टेबलाच्या टोकदार कडांना कापड गुंडाळावे. रात्री उठताना दिवा लावावा. आणि खरचटले तर त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ पट्टी लावून डॉक्टरांना दाखवावे. आठवडाभर वाट पाहू नये. जखमेभोवती लाली, ऊब, पू, दुर्गंधी किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

आपल्याकडे हा आजार उशिरा सापडण्याचे एक कारण साधे आहे. बाईची नडगी कोणी पाहत नाही, आणि ती दाखवत नाही. तपासणीसाठी गुडघ्यापर्यंत पाय दाखवणे पुरते. लेडी डॉक्टर हव्या असतील तर तसे आधी विचारावे. त्या नसतील तर सोबत आई, बहीण किंवा नर्स थांबू शकते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा विभाग असतो आणि तिथे खर्चही कमी येतो.

आणि त्या स्थळाबद्दल

भगिनी, तुमचा शेवटचा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही, तरी उत्तर देतो. सांगा. लग्नाची तारीख ठरण्याआधी, घरातल्या दोन जाणत्या माणसांसमोर, अहवाल हातात घेऊन सांगा. वाक्ये चारच आहेत. हा महारोग नाही. हा कोणाला लागत नाही. याने संसाराला किंवा मूल होण्याला अडथळा नाही. पायाला मार लागू नये एवढे जपावे लागते. मधुमेह असल्याने गरोदरपणाआधी साखर आटोक्यात आणावी लागेल आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागेल, हेही सांगून ठेवा. मुलाकडच्यांना शंका असेल तर त्यांनी आपल्या डॉक्टरांना अहवाल दाखवावा.

न सांगता लग्न झाले, तर ही मुलगी सासरी पाय झाकत राहील. तिथे खरचटले तर तेही झाकेल, आणि या आजारात झाकलेली जखमच सर्वांत महाग पडते. ज्या घरात ती "माझा पाय लागला" असे पहिल्याच दिवशी म्हणू शकेल, तेच घर तिच्यासाठी चांगले. ऐकून ते लोक मागे हटले तर वाईट वाटेल, पण मुलीचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही.

सांगण्याआधी मुलीला विचारा. पाय तिचा आहे. काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे ठरवताना ती खोलीत असू द्या.

बाकी वाचकांनी आज एवढेच करावे. घरात ज्यांना साखर आहे, त्यांना उजेडात बसवून दोन्ही नडग्या पाहाव्यात. अम्मी-अब्बांपासून सुरुवात करा. ती माणसे स्वतःहून दाखवत नाहीत.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.